चावीची मुदत

कुलदीप पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या केसांत कापसाचे पुंजके अडकले होते, आणि बिचाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. खामगावच्या जिनिंग कारखान्याच्या फाटकातच त्यानं अनुपमाला ऑफिस विचारलं. ती म्हणाली, "आधी डोकं झटका, मंग सांगते." तो झटकत बसला, ही हसत बसली, आणि ऑफिस कुठं आहे ते सांगायचं राहूनच गेलं.

अकोल्याच्या एका कंपनीनं त्याला धाडलं होतं. कापसाच्या वजनकाट्याच्या कॉम्प्युटरमध्ये शेतकऱ्यांची नावं नि नंबर. मोबाइलवर निरोप धाडणारं ॲप मात्र भलत्याच कंपनीचं. दोघं एकमेकांशी बोलायला तयार नाहीत, म्हणून मधे कनेक्टर बसवायचा. तो चालला की ज्यानं त्यानं आपल्या नंबराच्याच दिवशी कापूस आणायचा, फाटकात ट्रॅक्टरांची रांग नको. बोंडअळीनं पोळल्यापासून वेचलेला बीटी कापूस घरात ठेवायचा धीर कोणाला होता?

हा कनेक्टर सांभाळायला वरवट बकालच्या अनुपमाला नुकतंच ठेवलं होतं. पण जिनिंग चालवणाऱ्या शेतकरी कंपनीचे अध्यक्ष नारायणराव म्हणजे रोखठोक माणूस. दसऱ्याच्या खरेदी-मुहूर्ताचे निरोप आदल्या संध्याकाळपर्यंत गेले तर ठीक, नाहीतर पुन्हा कागदी चिठ्ठ्या, आणि पोरीला घरी पाठवायचं, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

म्हणजे बघा, कनेक्टर चालला की कुलदीप अकोल्याला जाणार, आणि नाही चालला तर ती वरवटला. इकडे आड, तिकडे विहीर! तिला त्याच्याजवळ बसून शिकणं आवडायला लागलं होतं. समजलेलं ती पुन्हा विचारायची, तोही न कंटाळता सांगायचा. कधी माउसवर दोघांचे हात एकदमच जायचे... आणि मग दोघंही खिडकीबाहेरच्या कापसाच्या ढिगाकडे बघत बसायचे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या सकाळी, तिनं एकटीनं कनेक्टरची मुदत संपलेली चावी बदलली. चावी म्हणजे अक्षरांची लांबलचक शेपटी. ती बरोबर असली तरच ॲप दुसऱ्याकडची माहिती आत घेतं. दुपारी पाहते तर एकही निरोप गेलेला नाही. दोघांनी ती चावी पुन्हा पुन्हा घालून पाहिली, पण कनेक्टर ढिम्म. तेवढ्यात नारायणराव दारात उभे! तिनं तोंड उघडायच्या आत कुलदीपच म्हणाला, "चूक माही आहे काका."

संध्याकाळपर्यंत पाहतो, असं बजावून ते निघून गेले. अनुपमाचे डोळे भरून आले.

"काऊन घेतलं अंगावर? चावी तं म्या बदलली होती."

"मले दुसरीकडं काम भेटन," तो म्हणाला. मग कीबोर्डाकडे बघत, हळूच — "तुम्ही इथून गेल्या तं मी खामगावले कोणासाठी येऊ?"

आणि नेमके तेव्हाच काटा सांभाळणारे महादेवराव पूजेचा पेढा घेऊन आले. पेढा हातात घेताना अनुपमाच्या मनात आलं, काट्याची खोली तर सकाळपासून आपण पाहिलीच नाही. काट्याच्या कॉम्प्युटरला इंटरनेट देणारी, हिरवा लाइट लुकलुकणारी डबी तिथंच होती.

"काका, डबीचा लाइट चालू आहे ना?"

"आज कसा राहीन पोरी? पाटावर मांडली ना तिले!" महादेवराव शांतपणे म्हणाले. "पाना, पेंचीस, कुऱ्हाड... साऱ्या हत्यारायले आज आराम, आन तिलेच काऊन राबवायचं?"

तिघं धावत गेले. झेंडूच्या ढिगाखाली, कपाळी हळदकुंकू लावून, डबी निवांत बसली होती! महादेवरावांनी तिला नमस्कार केला, माफी मागितली आणि स्वतःच्या हातानं वायर जोडली. हिरवा लाइट लुकलुकला. पडद्यावर निरोप भराभर सुटू लागले, आणि नारायणरावांचाही फोन वाजला असणार, कारण अंगणातून त्यांचं "आलं बुवा!" ऐकू आलं. अनुपमा खुर्चीत बसली ती हसतच सुटली, आणि हसता हसता रडली. हायसं वाटलं हो, जीव भांड्यात पडला.

सकाळची चावी एका दिवसापुरतीच होती, म्हणून कुलदीप निघण्यापूर्वी ती एकदा नव्यानं करायची होती. मुदत किती, असं पडद्यावर विचारलं होतं: वर्ष, महिना की आठवडा. कुलदीपनं रिवाजाप्रमाणं बाण 'वर्ष'वर नेला... आणि हात तिथंच थांबला.

अनुपमानं त्याच्या हातावर हात ठेवला. या वेळी कोणी खिडकीबाहेर पाहिलं नाही. बाण सरकत सरकत 'आठवडा'वर गेला आणि तिनं बटण दाबलं.

"दर आठवड्याले नवी चावी लागन मंग," तो म्हणाला.

"हाव. आन मले ते येत नाही."

"सकाळी तं तुम्हीच बदलली! अन् बरोबर बदलली होती."

"विसरली मी," ती म्हणाली, आणि हात तसाच राहू दिला.