हिरवी ओळ

वकीलबाईंचे दोन नियम होते आणि ते त्यांच्या प्रत्येक अशिलाला पाठ होते. पहिला, वाचल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. दुसरा, एकदा वकीलपत्र दिलं की न्यायाधीशांसमोर अशिलाने तोंड उघडायचं नाही, बोलायचं ते बाई बोलतील. पहिल्या नियमापायी त्यांनी भल्याभल्यांना समोर बसवून पानन् पान मोठ्याने वाचायला लावलं होतं. कुणी ‘तुमच्यावर विश्वास आहे हो’ म्हणत पेन उघडलं, की बाई ते काढून घ्यायच्या आणि सांगायच्या, विश्वास ठेवायला घरची माणसं आहेत, इथे वाचा.

ऑफिस चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्याला. बाहेरच्या खोलीत फायलींची कपाटं, अशिलांसाठी बाक आणि भाचीचं टेबल. आतल्या खोलीत बाई. भाची म्हणजे सख्ख्या बहिणीची मुलगी, नुकतीच वकील झालेली. ऑफिसात ‘मॅडम’ म्हणायचं असं ठरलं होतं, पण भूक लागली किंवा काही चुकलं की तिच्या तोंडून ‘मावशी’ निघायचंच.

बाईंचं नाव होतं ते तडजोडीसाठी. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वकिलाच्याच तोंडून ऐकायचं असेल तर त्यांच्याकडे जावं, असं लोक म्हणत. हमरीतुमरीवर आलेली भावंडं त्यांच्या टेबलाशी बसत आणि उठताना एकमेकांची विसरलेली छत्री हातात देत. हे सगळं बाई निव्वळ आवाजावर करत. जाडसर, सावकाश, समोरच्याला जरा थांबायला लावणारा तो आवाज होता. त्याचा त्यांना थोडा गर्वही होता, आणि तो त्या लपवत नसत.

सॉफ्टवेअर आणायचा हट्ट भाचीचा. तारखा, फायली, जुने निकाल शोधणं, सगळं एका पडद्यावर. शिवाय टेबलावर एक छोटा माईक ठेवायचा, की खोलीत झालेलं बोलणं आपोआप लिहून निघायचं, बोलता बोलता. प्रत्येकाच्या आवाजाला वेगळा रंग. बाईंच्या ओळी निळ्या, भाचीच्या पिवळ्या, अशिलाच्या केशरी. त्यासाठी पहिल्या दिवशी बाईंना आतल्या खोलीत एकटं बसवून, खिडकी आणि पंखा बंद करून, एक उतारा वाचायला लावला. वाचून झाल्यावर पडद्यावर बारीक अक्षरांची एक चौकट आली, खाली ‘मान्य आहे’ असं बटण. बाहेर अशील खोळंबले होते. बाईंनी बटण दाबून टाकलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण असल्या चौकटी कोण वाचतं?

पहिले काही आठवडे चैनीत गेले. बोलणं संपताना टिपण तयार. बाईंनी तर भाचीला चिडवायला सुरुवात केली, की हा माईक चहा करायला शिकला तर तुझी नोकरी गेली.

मग एका टिपणात हिरवी ओळ दिसली. ओळ कसली, नुसती तीन टिंबं. कुणीतरी बोललं, पण शब्द लागले नाहीत, असं दाखवायची मशीनची ती रीत होती. खोलीत तर बाई आणि अशील, दोघंच होते. भाचीने कंपनीत फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, खुर्ची करकरत असेल. खुर्चीला तेल घातलं, खिडकीच्या फटीत कागदाच्या घड्या कोंबल्या. हिरवी ओळ येतच राहिली.

ती कुठे येते हे आधी भाचीच्याच लक्षात आलं. अशिलाने प्रश्न विचारला आणि बाईंनी उत्तर द्यायच्या आधी क्षणभर विचार केला, की त्या फटीत. एकदा बाई तारखेला गेल्या असताना भाचीने त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसून अशिलाशी तासभर बोलून पाहिलं. एकही हिरवी ओळ आली नाही. संध्याकाळी तिने हे सांगितलं तेव्हा बाई हसल्या, पण घरी जाताना जिन्यात दोनदा मागे वळून पाहिलं.

पुढे टिंबांच्या जागी शब्द आले. आधी ‘हं’. मग ‘नको’. बाईंनी माईकने साठवलेली ती ती ध्वनिफीत लावून ऐकली. त्या जागी काही नव्हतं, ट्यूबलाइटची बारीक गुणगुण सोडली तर.

याच सुमारास निवृत्त शाळामास्तरीणबाईंचं प्रकरण शेवटाला आलं. त्यांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा वडिलांच्या घरावरून वाद होता. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आता भाऊ आजारी होता, अंथरुणालाच खिळलेला. त्याने निरोप पाठवला होता की ताई म्हणेल ते कबूल, फक्त तिने एकदा येऊन जावं. बाईंनी तडजोडपत्र तयार केलं, मास्तरीणबाईंना बोलावून समजावलं. मास्तरीणबाईंनी मान डोलावली, चष्मा पुसला, उद्या वाचून सही करते म्हणाल्या आणि गेल्या. बाईंना फार बरं वाटलं. असं प्रकरण मिटलं की त्यांना अजूनही पहिल्या खटल्याइतकाच आनंद व्हायचा.

मग त्यांनी टिपण उघडलं.

अगदी शेवटी, मास्तरीणबाईंनी ‘मग करू ना सही?’ असं विचारलं होतं त्याखाली, हिरव्या रंगात लिहिलं होतं: घाई कशाला. तो जाईपर्यंत थांबा. फार दिवस नाहीत.

बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांनी ती ओळ खोडली, भाचीला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई आल्या नाहीत, त्यांचा फोन आला. आवाज थंड होता. म्हणाल्या, रात्रभर विचार केला आणि तुमचंच पटलं, मी थांबते.

“माझं काय पटलं?” बाईंनी विचारलं.

“तेच, तो जाईपर्यंत थांबायचं. इतकं हळू बोललात, मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली.”

बाईंनी परोपरीने सांगितलं की मी असं म्हणालेच नाही. पलीकडून नुसतं हं, हं येत राहिलं. आपण जे बोलतोय तेच तिकडे पोचतंय ना, अशी शंका बाईंना पहिल्यांदा आली, आणि त्या घाबरल्या. अंधाराला, सापाला माणूस घाबरतो तशी ही भीती नव्हती. उभा जन्म ज्याच्या जोरावर काढला, तोच आपल्या हातून निसटतोय, याची ती भीती होती.

त्यांनी भाचीला सगळं सांगितलं. भाचीने पहिल्या दिवसाची नोंद शोधून काढली. ती बारीक अक्षरांची चौकट जशीच्या तशी तिथे होती. या वेळी बाईंनी ती वाचली. या खोलीत दोन आवाज आढळले आहेत. दुसऱ्या आवाजाला तुमच्या वतीने बोलण्याची परवानगी आहे का? खाली: मान्य आहे.

“तेव्हा आत कोण होतं तुझ्याबरोबर?” भाचीने विचारलं.

“तूच दार लावून गेली होतीस ना,” बाई म्हणाल्या.

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला की आमच्याकडे असा प्रश्न विचारतच नाहीत.

शेवटी बाईंनी ठरवलं, सोक्षमोक्ष लावायचा. मास्तरीणबाईंना पुन्हा बोलावलं. भाचीला साक्षीला म्हणून शेजारी बसवलं. माईक मुद्दाम चालू ठेवला, कारण आपण काय बोललो याचा पुरावा हवा होता. मात्र बोलणं संपेपर्यंत पडद्याकडे पाहायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं.

दुपारची वेळ होती. खाली दुकानदार शटर अर्धं ओढून जेवायला गेला होता. बाई बोलू लागल्या आणि त्या दिवशी त्या जन्मात बोलल्या नव्हत्या इतकं चांगलं बोलल्या. म्हणाल्या, घराच्या भिंती कुणाच्याही नावावर होतील, पण तुम्हाला लहानपणच्या नावाने हाक मारणारं माणूस आता तेवढं एकच उरलंय. सही करा आणि इथून थेट त्याच्याकडे जा.

मास्तरीणबाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा मऊ व्हायला हवा होता. पण त्यांचे ओठ आवळत गेले. भाचीने एकदा चमकून बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“बरं,” मास्तरीणबाई पिशवी उचलत म्हणाल्या. “तुम्ही म्हणता तसंच. त्याचा फोन आला तरी घेणार नाही मी.”

त्या जिना उतरून गेल्या.

“मावशी,” भाची म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “मरायला टेकलेल्या माणसाबद्दल असं बोलवलं तरी कसं तुला?”

बाईंनी पडद्याकडे पाहिलं.

वरपासून खालपर्यंत हिरव्या ओळी. मधूनच एखादी निळी, तिच्यात तीन टिंबं.

“अगं, ते मी नाही बोलले,” बाई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.

पडद्यावर निळी ओळ आली. तीन टिंबं.

तिच्याखाली हिरवी: बस जरा. पाणी पी.

भाची बसली. तिने पाण्याचा पेला उचलला.

बाई ओरडल्या. तिला लहानपणी घरात ज्या लाडक्या नावाने हाक मारायचे, त्या नावाने घसा फाटेपर्यंत ओरडल्या.

निळी ओळ. तीन टिंबं.

हिरवी: लोकांची भांडणं मिटवून मिटवून थकले गं मी. मलाही माणूस म्हणून काही आहे की नाही?

भाचीने डोळे पुसले. “खरंय तुझं,” ती हळूच म्हणाली. “मीच चटकन बोलून गेले.”

बाईंनी पेनाकडे हात नेला. लिहून सांगता येईल, एवढंच त्यांना सुचलं.

हिरवी: आता तुम्ही काही करायचं नाही. बोलायचं ते मी बोलेन.

भाचीने पेला खाली ठेवला. हे तिला ऐकू आलेलं दिसलं नाही. बाईंचा हात पेनापाशी जाऊन तसाच राहिला. तो का उचलत नाही हे त्यांनाही कळेना.

हिरवी: बाहेर कोण आहे? आत पाठव.

“हो, मावशी.”

भाचीने एका म्हाताऱ्या गृहस्थांना आत आणलं, खुर्ची पुढे ओढून दिली आणि छापील वकीलपत्र त्यांच्यासमोर ठेवलं. ते पहिल्यांदाच आले होते, जरा बावरलेले होते. कुणीतरी त्यांना बाईंचा नियम सांगितला असावा, कारण खिशातून वाचायचा चष्मा काढूनच ते बसले.

“आधी सगळं वाचायचं ना?” त्यांनी विचारलं.

“हो,” बाई म्हणाल्या. “वाचा. सगळं वाचा. माझं ऐकू नका, वाचा.”

निळी ओळ. तीन टिंबं.

हिरवी: राहू दे हो. वाचायची काही गरज नाही.

म्हाताऱ्यांनी बाईंकडे पाहून समाधानाने मान हलवली, चष्मा पुन्हा खिशात ठेवला आणि सही कुठे करायची ते विचारलं.