हेराचा फोन जोडला आहे

मी मेंढ्यांची लोकर कातरतो. गोष्ट रचणं मला जमत नाही. जे झालं तेच लिहितोय. ते डोळ्यांनी पाहणारी माणसं आजही जिवंत आहेत. कोणी त्यांना विचारलं तर विषय बदलतात, एवढंच.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. बर्क गावाच्या पलीकडे, डार्लिंग नदीच्या काठी, कुराबिन नावाच्या मेंढीफार्मवर आमची टोळी कामाला होती. सकाळच्या चहाची घंटा झाली. यंत्रं थांबली. सगळ्यांनी कानांवरचे हेडफोन उतरवले.

हेरा दिसली नाही.

हेरा म्हणजे माझी बायको. कातरलेली लोकर टेबलावर पसरून तिच्यातला कचरा वेचायचं काम ती करायची. तिचा झाडू टेबलाला टेकून उभा होता. तिचे हेडफोन खाली पडले होते.

लोकरीच्या गासड्यांच्या मागे तिचा एक बूट सापडला.

बुटात रक्त होतं. बाजूच्या खांबाला केस चिकटले होते... मुळासकट.

ती ओरडलीच असणार. हेरा गप्प मार खाणारी बाई नव्हती. पण यंत्रांचा आवाज असा, की प्रत्येकाच्या कानांवर हेडफोन आणि प्रत्येकाचं गाणं वेगळं. आम्ही सगळे त्याच छपराखाली होतो. कोणालाच काही ऐकू आलं नाही.

पोलीस आले, कुत्री आली. नदीत माणसं उतरवली. हेरा सापडली नाही. तिचा फोन त्याच सकाळी बंद पडला होता, तो पुन्हा कधी लागला नाही.

शोधताना सगळ्यात मोठ्याने हाका मारल्या त्या लायलने. लायल आमच्या टोळीत लोकर दाबून गासड्या बांधायच्या यंत्रावर असायचा. धिप्पाड गडी. सतत शीळ वाजवायचा. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो रडलासुद्धा होता.

आम्ही माओरी, समुद्रापलीकडून कामाला आलेले. आमच्यात मेलेल्या माणसाला एकटं ठेवत नाहीत. गावी नेतात. पेटीजवळ माणसं बसून राहतात, तिच्याशी बोलतात, भांडतातसुद्धा. मग माती देतात.

हेराची मोठी बहीण नायरी आमच्याच टोळीला जेवण करून घालते. ती मला म्हणाली, "विरेमू, तिला घरी, वैरोआला न्यायचंय. हाडं असली तरी चालतील. पण आण."

"आणतो, ताई," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी टोळी पुन्हा कुराबिनला निघाली. मी गेलो. हेरा तिथेच कुठेतरी होती.

माझे हेडफोन वाटेत मोडले, म्हणून मी पोलिसांनी परत दिलेले तिचे घातले. ते माझ्या आणि तिच्या, दोन्ही फोनांना जोडलेले होते. आम्ही एकमेकांचे वापरायचो.

ताईने पाहिलं आणि भडकली. "मेलेल्या माणसाची वस्तू आहे ती! तिच्याबरोबर मातीत जायची. आणि तू कानांवर घालून हिंडतोस?"

"माती कुठेय, ताई?"

विटाळ उतरावा म्हणून तिने कपातलं पाणी बोटांनी माझ्या अंगावर शिंपडलं आणि आत गेली.

पहिल्याच दिवशी, भर उजेडात...

माझ्या मांडीत मेंढी होती. कानांत गाणं चालू होतं. गाणं मध्येच थांबलं. फोन आला की ते असं थांबतं.

मग फोन जोडला की सांगणारा, हेडफोनमधला तो सपाट आवाज आला. "हेराचा फोन जोडला आहे."

माझा हात सरकला. मेंढीची कातडी फाटली.

पलीकडून काहीच बोलणं नाही. फक्त श्वास... ओला, घरघरणारा. नाकातोंडात रक्त असल्यावर येतो तसा.

"काय रे म्हाताऱ्या," मागून लायल ओरडला, "लोकर काढतोस की मटण?"

सगळे हसले. लायल लोकरीची टोपली उचलून त्याच्या यंत्राकडे गेला.

"हेराचा फोन तुटला आहे."

गाणं पुन्हा सुरू झालं.

हे हेडफोन फोनपासून काही पावलांवरच चालतात, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतसुद्धा पोचत नाहीत. म्हणजे फोन जवळ होता... आणि मग लांब गेला होता.

मी नजर ठेवली. लायल आला की गाणं थांबायचं. तो गेला की सुरू व्हायचं. बाहेर मेंढ्यांच्या कुंपणाशी तो पाणी पीत होता, तिथे मुद्दाम गेलो.

जोडला आहे.

श्वास. आणि या वेळी एक धप्प आवाज. लाकडावर डोकं आपटावं तसा. पुन्हा धप्प. पुन्हा. आणि प्रत्येक आवाजाच्या मध्ये... शीळ.

समोर लायलचं तोंड बंद होतं. तो पाणी पीत होता.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याची बॅग उपसली. गादी फाडली. गाडी तपासली. फोन कुठेच नव्हता. नंतर तो नदीत आंघोळीला उतरला, अंगावर फक्त चड्डी. मी काठावरचे त्याचे कपडे चाचपले आणि तिथेच उभा राहिलो.

जोडला आहे.

तेव्हा मला कळलं. त्याच्याजवळ फोन नव्हताच.

हेरा त्याच्याबरोबर चालत होती.

दुसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी, मी त्याला गचांडी धरून त्याच्या लोकर दाबायच्या यंत्रावर आपटलं. त्याचा ओठ फुटला. त्याने मला गुडघा मारला. माझी बरगडी मोडली, ती अजून दुखते.

"कुठेय ती?"

"डोकं फिरलंय याचं! धरा रे याला कोणीतरी!"

कोणी हललं नाही. ताई किटली हातात धरून दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "धरू नका."

मी हेडफोन काढले आणि त्याच्या कानांवर दाबून बसवले.

लायल हसत होता. मग हसणं थांबलं.

तो ऐकत होता. काय, ते मला ऐकू येत नव्हतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. चड्डी ओली झाली.

"नको," तो म्हणाला. माझ्याशी नाही. "नको ना... सांगतो. सांगतो मी त्यांना!"

"सांग," मी म्हणालो. मी त्याला सोडलं होतं. मागे सरकलो होतो.

त्याने हेडफोन ओढले. ते निघाले नाहीत. दोन्ही हातांनी ओढले. कानांमागून रक्त आलं, कातडी सोलली गेली, तरी निघाले नाहीत. तो ओरडत मागे मागे गेला आणि यंत्राच्या उघड्या दारातून आत, लोकरीवर पडला.

दार उघडं असलं की ते यंत्र चालू होत नाही. तशी सोय असते.

यंत्र चालू झालं.

बटणाजवळ कोणी नव्हतं. दाबायची जाड पाटी सावकाश खाली आली... नेहमीसारखीच. मी धावलो. बटण दाबलं, वायर उपटली. पाटी थांबली नाही. लायलची हाडं मोडताना मी ऐकली. त्या वेळी कोणाच्याच कानांवर हेडफोन नव्हते. सगळ्यांनी ऐकली.

पांढरी लोकर लाल झाली. मग पाटी आपोआप वर गेली.

हेडफोन त्याच्या डोक्यावर नव्हते. ते मला पुढे कधीच मिळाले नाहीत.

पोलिसांनी सगळ्यांना विचारलं, यंत्र उघडून पाहिलं. त्यात बिघाड नव्हता. शेडखालची जमीन खणली. काही नाही.

ताई म्हणते, हेराने सूड घेतला, आता ती निवांत झाली.

मला तसं वाटत नाही. तो सांगणार होता. तोंड उघडलं होतं त्याने. हेराला घरी यायचं होतं, तर तिने त्याला बोलू का दिलं नाही?

आणि ती हेरा नव्हती... तर मी त्याच्या कानांवर काय बसवलं?

आता मी कानांना काही लावत नाही. यंत्रांच्या आवाजाने एक कान गेलाय. त्या गेलेल्या कानात कधीकधी शीळ ऐकू येते.

वैरोआला तिच्या आईच्या शेजारी जागा राखून ठेवली आहे. हेराला अजून माती दिलेली नाही.