लव्हाळ्यांवरची रेघ

लव्हाळा म्हणजे गवत नव्हे, हे लोकांना सांगण्यात माझी निम्मी हयात गेली. गवताची काडी गोल असते, लव्हाळ्याची बहुधा तीनधारी. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून फिरवली की धारा हाताला लागतात. एवढं समजावलं की समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "म्हणजे गवतच की!" पाणथळ जागेतल्या वनस्पती ओळखायच्या आणि त्यांच्यावर नावाची चिठ्ठी लावायची, हे माझं काम. लोक वर्तमानपत्रात दाबून वाळवलेल्या जुड्या पाठवतात आणि मी भिंगाखाली त्यांचं बी बघत बसतो, कारण लव्हाळे दिसायला सगळे सारखेच, खरी ओळख पटते ती मोहरीहून बारीक बीवरूनच. या कामापायी मान आखडली, डोळे अधू झाले. पण दुसरं काही मला येतही नाही.

थोरली बहीण मला गवत्या म्हणते. त्या दिवशी फोनवर तिनं नमस्कार-चमत्कार काही केला नाही.

"गवत्या, माझ्या अंगणात तुझी पोरंबाळं उगवलीत. येऊन घेऊन जा."

"उपटून टाक ना."

"उपटायला हात कुठले आणू? दोन आहेत, ते यांच्याच दिमतीला आहेत."

'हे' म्हणजे भावजी. बसवर कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर जिन्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण माणूस काही उभा राहिला नाही. तेव्हापासून खालच्या खोलीत खिडकीशी त्यांची कॉट होती. त्यांना कुशीवर वळवणं, पुसणं, भांडं देणं, रात्री हाक आली की उठणं, सगळं ताईच्याच गळ्यात. भावजी हाडापेरानं दणकट. ताई मात्र पार वाळून गेली होती, आणि हाक आली नाही तरी आता तिच्या डोळ्याला डोळा लागत नसे.

घर वसाहतीच्या टोकाला, नव्या भरावावर. अंगण फाटकाकडे उतरतं. मी गेलो तेव्हा कुंपणाच्या कडेनं नागरमोथा दिसला, तो कुठेही येतो. पण फाटकापाशी दुसराच एक लव्हाळा होता, घोट्याएवढं पाणी साचून राहतं तिथे येणारा. मी भिंग लावून बी पाहिलं. तोच होता. त्याच्या बुडाशी चिखल नव्हता. पायाखाली फुफाटा उडत होता.

"भराव कुठल्यातरी तळ्याच्या गाळाचा असणार," मी ताईला सांगितलं. "बी वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं."

"असेल," ती म्हणाली. तिला त्यात काडीचाही रस नव्हता. मी मात्र माझ्या उत्तरावर खूश होऊन घरी आलो.

पुढच्या सुट्टीला भावजींना वळवायला मदत करावी म्हणून पुन्हा गेलो. आता दाराच्या पायरीशी लव्हाळे आले होते, आणि ते पहिल्यासारखे नव्हते. बिनपानांची, माझ्या नियमाला न जुमानणारी गोल काडी, टोकाला एकच तुरा. काडी चिमटीत दाबत गेलं की आतले पडदे टक टक फुटत जातात. हा लव्हाळा गुडघाभर पाण्यात उभा राहतो. कोरड्यात तो रुजतच नाही.

मी उकिडवा बसलो आणि काडीवरून बोट फिरवलं. खालचा भाग फिकट, बुळबुळीत. वरचा हिरवा, खरखरीत. दोन्हींच्या मध्ये गाळाची बारीक रेघ. पाण्यात वाढलेल्या प्रत्येक काडीवर अशी रेघ असते, पाणी कुठवर होतं ते सांगणारी. मी खुरप्यानं माती उकरली. आत कोरडी ढेकळं निघाली.

मी खुरपं झटकून आत गेलो.

आत भावजी छताकडे बघत पडले होते. मी विचारपूस केली तर त्यांनी दोनदा "काय?" केलं.

"मेहुणे, मोठ्यानं बोला. कानात दडे बसलेत. घाटात गाडी चढताना बसायचे ना, तसे."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"कान साफ आहेत म्हणाले. मी म्हटलं, मग माझंच डोकं घाटात चढलं असेल." ते हसले आणि दमले. "पाय मात्र गार पडतात हो. मोजे घातले तरी."

अंगणात परतलो तर एक गोष्ट मला टोचायला लागली. पायरीजवळच्या काड्यांवर रेघ माझ्या गुडघ्याशी होती. फाटकाकडे जमीन उतरते, तिथल्या काड्यांवर ती कमरेशी होती. मी घरात जाऊन भावजींच्या सलाइनची उरलेली नळी आणली आणि तिच्यात पाणी भरलं. भिंतीची पातळी बघायला गवंडी असंच करतात. नळीची दोन टोकं कितीही लांब धरा, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर उभं राहतं.

"ताई, हे टोक धर."

"मी दमलेय रे. खेळतोयस काय?"

"पाच मिनिटं. मी तुझं काय घोडं मारलंय?"

ती पदर खोचून उभी राहिली. आम्ही फाटकाशी धरलं, कुंपणाशी धरलं, पायरीशी धरलं. सगळ्या रेघा एका पातळीत होत्या. केसभराचाही फरक नव्हता. अंगणभर जणू पाणी होतं, फक्त ते तिथे नव्हतं.

मग मी तिला खिडकीतून नळीचं टोक आत घ्यायला सांगितलं. ती आत गेली. मी बाहेर पायरीच्या लव्हाळ्याशी माझं टोक लावून धरलं.

"कुठे आलंय पाणी?"

"कॉटच्या पायाला. गादीच्या खाली, वीतभर." मग ती खिडकीत आली. "म्हणजे काय?"

"काही नाही."

"मग तोंड असं का झालंय तुझं?"

मला समजलं होतं तेवढं मी तिला सांगितलं: न दिसणारं पाणी अंगणातून घरात चढत होतं आणि भावजींच्या गादीपर्यंत येणार होतं. ते सांगताना मलाच माझं हसू येत होतं. भावजींना वरच्या खोलीत हलवू, असं मी म्हणालो. वरची खोली नुसती पडून होती.

"उचलणार कोण? तू? तुला पाण्याची बादली उचलवत नाही." ती पायरीवर बसली. "आणि वर नेल्यावर दिवसातून किती वेळा चढू-उतरू मी? स्वयंपाक खाली, संडास खाली."

"तुला भीती नाही वाटत?"

"भीती वाटायलासुद्धा अंगात त्राण लागतं रे." हे ती अगदी सरळ म्हणाली, उद्या दूध जास्त घ्यायचंय असं सांगावं तसं. "मला फक्त झोप हवी. पोटभर झोप. दुसरं काही नको."

मला तिची कणव आली आणि रागही आला, तिचा नव्हे, त्या काड्यांचा. निघताना मी पायरीजवळच्या सगळ्या उपटून टाकल्या. मुळं हातात धुळीसारखी झडली.

दोन दिवसही मला चैन पडलं नाही. मी रजा टाकली, सामान हलवणारे दोन गडी गाठले आणि सकाळी ताईच्या दारात हजर झालो. पायरीशी लव्हाळे पुन्हा उभे होते, आधीपेक्षा उंच. या वेळी मी नळी एकट्यानंच लावली. रेघ गादीला टेकली होती.

ताईनं हुज्जत घातली नाही. तेवढीही ताकद तिच्यात उरली नव्हती. गड्यांनी भावजींना खुर्चीत बसवून पट्ट्यांनी बांधलं आणि उचललं.

"सावकाश! उभे प्रवासी घेऊ नका रे," भावजी ओरडत होते.

जिना अरुंद, वळण अवघड. गड्यांच्या नाकी नऊ आले. अर्ध्या जिन्यावर भावजी एकदम गप्प झाले. मग त्यांनी मान वळवली.

"सुटले!" ते म्हणाले. "दडे सुटले. मेहुणे, या माणसाचा श्वास ऐकू येतोय मला!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसतही होते.

मला तिथेच जिन्यावर बसून रडावंसं वाटलं, इतकं हायसं झालं. खरं काय, खोटं काय, त्याचा विचार मी करणार नव्हतो. माणूस वर आला होता. त्यांच्या पायांना हात लावला तर पाय ऊबदार होते.

गडी गेले. ताई औषधं आणि चादरी आणायला खाली गेली, ती बराच वेळ वर आलीच नाही. मी जिन्याच्या कठड्यावरून वाकून पाहिलं. रिकाम्या कॉटवर ती आडवी झाली होती. चादरी छातीशी तशाच धरलेल्या, एक चप्पल पायातच.

"झोपली," मी भावजींना सांगितलं.

"झोपली?" त्यांचा विश्वास बसेना. "खरंच? मग उठवू नका तिला. किती महिन्यांनी झोपतेय बिचारी."

उठवायला हवं होतं. पण मीच थकलो होतो, आणि सकाळी तर रेघ नुसती गादीला टेकलेली होती. तासाभरात काय होतंय, असं मी म्हटलं. ज्यांची काळजी होती ते तर वर होते.

भावजींचा डोळा लागला. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

दुपार तापली होती. रस्त्याकडेच्या झाडाचं पान हलत नव्हतं. खाली अंगणात मात्र लव्हाळे हलत होते. सगळे एकाच बाजूला कलून, सावकाश, पुन्हा मागे येत.

काड्या वरपासून खालपर्यंत फिकट दिसत होत्या. हिरवा भाग कुठे उरलाच नव्हता.

मी जिन्याकडे धावलो.

वळणापाशी माझ्या कानात दडे बसले. त्यापुढे माझ्याच पावलांचा आवाज येईना. पायरी खाली होती, पण पाय तिच्यावर लवकर पोहोचत नव्हता.

खोलीत ऊन होतं. फरशी कोरडी होती. कोपऱ्यात धूळ होती.

"ताई!"

माझी हाक मलाच ऐकू आली नाही.

ती उताणी झोपली होती. तिच्या चेहऱ्यावर इतका आराम मी वर्षभरात पाहिला नव्हता. मी तिचा हात धरला. हात थंडगार होता आणि त्याला वजनच नव्हतं. डोळे न उघडता तिनं ओठ हलवले. आवाज आला नाही, पण शब्द मला कळले. झोपू दे.

पंखा बंद होता. खिडकी बंद होती.

तिचे सुटलेले केस उशीवर नव्हते. ते वर उठले होते, छताच्या दिशेनं, आणि सगळे एकाच बाजूला कलून सावकाश हलत होते.