टोकाला टोक लावलेले शंकू

बोट उलटी सापडली. जाळं पाण्यात पसरलेलं होतं. त्याच जाळ्यात गुरफटलेला तिचा म्हातारा मालकही सापडला.

भरदुपारी, स्वच्छ उजेडात, एका बिनखलाशांच्या मालवाहू जहाजानं त्याला धडक दिली होती.

दुसऱ्या दिवशी तपास अधिकारी बाई त्या जहाजाच्या किनाऱ्यावरच्या नियंत्रण कक्षात आल्या. कक्षाच्या प्रमुखांना समुद्र सोडून दहा वर्षं झाली होती, तरी सगळे कप्तानच म्हणत. म्हाताऱ्याची मुलगी दाराशी बसली होती. चूक कुणाच्या माथी बसते, एवढंच तिला ऐकायचं होतं.

भिंतीवर त्या जहाजाच्या फेऱ्यांचा तक्ता होता. चार महिने रोज उशीर. गेले तीन आठवडे मिनिटाचाही नाही.

"जहाज वळलं का नाही?" बाईंनी कप्तानांना विचारलं.

"वळलं, पण अगदी शेवटी. आधी का वळेल? बोट डावीकडून आली. बाजूला होणं तिचं काम. नियम जहाजात भरलेत, आणि त्यांना हात लावायचा अधिकार फक्त मला आहे."

"बोटीचं जाळं पाण्यात असेल तर?"

"तर जहाजानं वाट द्यायची. पण मग डोलकाठीवर टोकाला टोक लावलेले दोन काळे शंकू हवेत. ते नव्हते."

बाईंनी मोडक्या डोलकाठीचा फोटो पुढे सरकवला. शंकू जागेवर होते.

"मागाहून कुणी बांधले असतील."

"गाठीवर मीठ चढून दगड झालाय. कित्येक महिने सुटलेली नाही ती."

"बाबा ते उतरवायचेच नाहीत," मुलगी हळूच म्हणाली. "घरी परततानासुद्धा. म्हणायचे, रोज चढउतार करायला गुडघे तू देणार का?"

"घ्या!" कप्तान उसळले. "एकजात सगळे असेच! रिकाम्या बोटीसुद्धा शंकू मिरवत येतात. जहाजानं वळायचं तरी किती वेळा..."

ते थांबले.

"म्हणून चार महिने उशीर झाला," बाई शांतपणे म्हणाल्या. "शंकू दिसला की जहाज वाट द्यायचं. खऱ्यालाही, खोट्यालाही. तीन आठवड्यांपूर्वी तुम्ही त्याला शंकूंकडे काणाडोळा करायला शिकवलंत. उशीर संपला. काल खरोखर जाळं टाकलेला माणूस समोर आला. यंत्र चुकलं नाही, कप्तान. त्यानं तुमचं ऐकलं."

"वरून रोज बोलणी खात होतो मी," कप्तान टेबलाकडे बघत म्हणाले.

बाई मुलीकडे वळल्या. "तुमच्या वडिलांना वाट मिळायलाच हवी होती. अहवालात तसंच लिहीन."

"ते शंकू उतरवत नसत, हेही लिहा."

"त्यांच्या नावाला बोल लागेल."

"लागू दे. बाबा गेले. बाकीच्या बोटी उद्या निघायच्या आहेत."