हातभर वर चढलेला पूर

चॅपेलच्या भिंतीला शिडी लावून एक माणूस पुराच्या दगडाला नाक टेकवून उभा होता. मी काखेत पाव घेऊन भुरभुर पावसातून निघाले होते.

"अहो, या मोजपट्टीचं टोक जरा खाली धरता का?"

धरलं. त्यानं वरून पाहिलं, ओल्या केसांवरून हात फिरवून हसला... आणि त्या दिवशी गावची कचेरी अर्धा तास उशिरा उघडली. कारण तिची किल्ली माझ्याकडे असते.

गास्पार त्याचं नाव. लुआर नदीच्या पुराचा नकाशा करायला सरकारनं पाठवलेला. १८५६ साली पाणी कुठवर चढलं, ते आमच्या लुसिनीत त्या दगडावर कोरलंय. जुनी कागदपत्रं माझ्या ताब्यात, म्हणून तो रोज कचेरीत यायचा. येताना नदीकाठची चिकट माती बुटांना घेऊन यायचा, आणि मी, जी पोस्टमनला दारात बूट पुसायला लावते, ती काही बोलायची नाही.

त्याचा हिशोब जुळत नव्हता. पलीकडच्या काठावरचं ब्रेसाक गाव नदीच्या वरच्या अंगाला, पण तिथला दगड आमच्यापेक्षा खाली.

"सोलेन, तुमच्या गावात पाणी चढावर वाहतं का?"

"आमच्या गावात काहीही होतं."

"दिसतंय खरं," तो म्हणाला, पण बघत होता माझ्याकडे.

खरी गोष्ट मला पाठ होती. माझे आजोबा गवंडी. चॅपेलची भिंत नव्यानं बांधताना त्यांनी दगड हातभर वर बसवला. ब्रेसाकचा पूर आमच्यापेक्षा मोठा? छे, ते कसं खपवून घ्यायचं! गावातल्या साऱ्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक आहे, आणि परक्याला सांगायचं नाही हेही.

मीही नाही सांगितलं. पण आजोबांच्या अब्रूसाठी नव्हे हो. हिशोब जुळला की तो जाणार होता. तीन आठवडे मी त्याच्यासोबत बांधावरून हिंडले, पट्टी धरली, पॉपलरच्या झाडांखाली पाव-चीज खाल्लं. पट्टी गुंडाळताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागायची, आणि दोघंही उगाच नदीकडे बघायचो.

मग एका गुरुवारी मादाम फूशे कचेरीत आल्या. घाटाच्या गल्लीत राहतात. मुलगी लेकरांना घेऊन कायमची माहेरी येतेय, तर वर एक खोली चढवता येईल ना, असं विचारत होत्या. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. त्या दगडाप्रमाणे नकाशा झाला, तर ती सगळी गल्ली बांधकामबंदीत जाणार होती. वीटसुद्धा लावता आली नसती. आणि हिशोब जुळो न जुळो, गास्पार दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, नकाशा पाठवणार होता.

दुपारी मी त्याला घाटावर गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. त्यानं पट्टी खाली ठेवली.

"कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी तीन आठवडे वेड्यासारखा मोजत बसलो. मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही त्याच संध्याकाळी गेला असतात..."

तो रागावला होता, कान लाल झाले होते. मग हळूच म्हणाला, "गेलो असतो. आणि आयुष्यभर हळहळलो असतो, कशासाठी ते न कळता."

मला रडूच आलं. त्यानं मातीनं भरलेल्या हातांनी माझा चेहरा धरला. गालावर चिखल लागला, लागू दे म्हटलं.

नकाशा दुरुस्त झाला. गल्ली वाचली. दगडाची गोष्ट फुटली म्हणून म्हातारे माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, आणि ब्रेसाकवाल्यांनी तर जत्राच केली.

शनिवारी तो निघाला. समुद्रापर्यंत अजून चाळीस गावं मोजायची होती. बस सुरू होती, ड्रायव्हर कुरकुरत होता.

"परत यायला वसंत उजाडेल," गास्पार म्हणाला. "थांबशील?"

"मला काय घाई आहे? सावकाश ये," मी म्हणाले. आवाज जराही हलू दिला नाही.

तो पायरीवरून खाली उतरला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "खोटारडी."

मग तो चढला आणि बस गेली. मी रस्त्यावर उभी राहिले, वळणावरची धूळ बसेपर्यंत, आणि त्यानंतरही.