टाकीपलीकडची शिट्टी

सरका रे जरा. टेकू द्या म्हाताऱ्याला. आणि तू तो मोबाइल खिशात घाल. खालून तोंडावर उजेड पडला की तूच भुतासारखा दिसतोस, मग मी गोष्ट कुणाची सांगू?

पेंटर आलाय ना? हां, बस. आज तुझंच काम आहे. महिनाभर ज्याला त्याला विचारत फिरतोयस, शाळेच्या कुंपणावरच्या नव्या रंगाला ओरखडे कुणी मारले म्हणून. माझ्याकडेही बोट दाखवलंस म्हणे. तुझंही बरोबर आहे. या गल्लीत पन्नास वर्षांत कुठं काही वाकडं झालं की पहिली चौकशी माझ्याकडेच. मास्तरांच्या खुर्चीला डिंक लागला, मी. न्हाव्याच्या आरशाला मिशा फुटल्या, मी. मास्तरांचा तर माझ्यावर एवढा जीव, की एकाच वर्गात तीन वर्षं ठेवून घेतलं.

पण हे ओरखडे माझे नव्हेत. सांगतो.

माझ्या ओळखीचा एक म्हातारा आहे. त्याची गोष्ट.

"म्हणजे तुम्हीच ना, आजोबा?"

गप रे. गोष्ट कोण सांगतंय? म्हातारे काय गल्लीत एकच आहेत?

तर गेल्या महिन्यातली एकवीस तारीख. बुधवार. रात्रीचे अकरा पन्नास. म्हाताऱ्याचा फोन वाजला. नात. ही पोरगी तपासणीच्या लॅबमध्ये कामाला, दुसरी पाळी. रोज गाडी दारात आणून सोडते. तिला म्हातारा भिंगरी म्हणतो, कारण बसणं म्हणून माहीतच नाही. तर भिंगरी म्हणाली, "आजोबा, गाडी कोपऱ्यावरच सोडतेय. टाकीच्या पुढे रस्ता खणलाय, ड्रायव्हर आत यायला तयार नाही. बाबांना पाठवता का?"

बाबा परगावी. सून झोपलेली. म्हातारा म्हणाला, "थांब तिथंच. तुझा बॉडीगार्ड निघाला."

चप्पल घातली, टॉर्च घेतली, निघाला. वाटेत आठवलं, दात वाटीतच राहिले. म्हटलं असू दे, रात्री कुणाला चावायचंय.

खणणाऱ्यांनी दिव्यांची केबलही तोडलेली. त्यामुळे कोपऱ्यापासून म्हाताऱ्याच्या घरापर्यंत एक दिवा नाही. आधी शाळेचं कुंपण, पेंटरने त्याच दिवशी रंगवलेलं. मग पाण्याची टाकी. टाकीच्या पुढे वरची गल्ली, आणि तिथं खड्डा. खड्ड्याच्या कडेनं पत्रे उभे केलेले. पत्र्यांच्या अलीकडे माणूस जाईल एवढी वाट, पलीकडे थेट दोन पुरुष खोल.

आता थांबा. ही वाट नीट डोक्यात ठेवा. कारण पुढची गोष्ट कळायला पंचेचाळीस वर्षं मागं जायला लागतंय.

तेव्हा टाकी म्हणजे सरहद्द होती. टाकीच्या अलीकडे आमची खालची गँग; म्हाताऱ्याचं घरही तेव्हा खालीच. पलीकडे वरची. हसू नका. गँग म्हणजे काय, दहा-बारा बेकार, खिशात सायकलची चेन आणि पोटात भूक. दिवसा एकमेकांची डोकी फोडायचो. कंपाउंडर बिचारा पट्टी बांधताना विचारायचा, "आज कोण जिंकलं?" आयाबाया आम्हाला शिव्या घालायच्या. पण रात्री? रात्री त्याच आयाबाया आमच्या भरवशावर पोरींना दुसऱ्या पाळीला पाठवायच्या. तेव्हाही दिवे नव्हतेच फारसे.

पद्धत अशी. बस रात्री सव्वाअकराला यायची. जी कुणी बाई उतरेल तिच्या मागं आमच्यातला एक जण निघायचा. वीस पावलं मागं. बोलायचं नाही. तिनंही वळून बघायचं नाही, उगाच उद्या चर्चा नको. टाकीपाशी आला की दोन आखूड शिट्ट्या, एक लांब. म्हणजे आमच्याकडून आली, घ्या. पलीकडून एक लांब, एक तुटकी. म्हणजे घेतली. ते उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही. आकाश कोसळलं तरी. आणि टाकी ओलांडायची नाही. तो त्यांचा मुलूख.

पाच वर्षं एका बाईच्या पदराला वारा लागला नाही.

आमच्यात एक बेअरिंग होता. गॅरेजात काम करायचा. ट्रकच्या बेअरिंगचं लोखंडी कडं कायम बोटात, म्हणून बेअरिंग. रात्री कुणाच्या मागं चालताना ते कडं कुंपणाच्या गजांवरून ओढत न्यायचा. टण, टण, टण. म्हणजे पुढच्या बाईला न वळता कळावं, की आहे. मागं कुणीतरी आहे.

बिस्कीट कारखान्यात पॅकिंगला एक पोरगी होती. वरच्या गल्लीत आईबरोबर राहायची. तिला आम्ही बिस्कीटताई म्हणायचो. तुटकी बिस्किटं पुडीत बांधून आणायची आणि कोपऱ्यावर ठेवून जायची, न बोलता. तिच्या मागं जायला मात्र कायम बेअरिंगच. आम्ही चिडवायचो, "ताई म्हणतोस का रे तिला तू?" लाल व्हायचा. ताई त्यानं कधी म्हटलं नाही. दुसरंही काही म्हटलं नाही.

आणि आमच्यात एक आगाऊ कार्टं होतं. आपला म्हातारा. तेव्हा विशीतला. नकला करायचा सगळ्यांच्या. वरच्या गँगची शिट्टी तर अशी काढायचा, की त्यांची कुत्रीसुद्धा धावत यायची.

एका रात्री वरचं सगळं टोळकं मॅच बघायला परगावी गेलं. हे एकट्या या कार्ट्याला ठाऊक. सांगायला पाहिजे होतं. पण डोक्यात किडा वळवळला. तोंडाला कोळसा फासला आणि टाकीच्या मागं जाऊन बसला.

बिस्कीटताई आली. मागं टण, टण, टण. बेअरिंगनं शिट्टी दिली. दोन आखूड, एक लांब.

यानं तोंडात बोटं घातली. एक लांब. एक तुटकी.

बेअरिंग खुशाल मागं फिरला.

बेत असा, की ताईच्या दारात जाऊन भॉक करायचं. ती किंचाळणार, उद्या सगळी गल्ली हसणार. हा भिंतीवरून उड्या मारत आडवाटेनं पुढं पळाला. दाराशी दबा धरून बसला. हसू दाबायला शर्टाची कॉलर तोंडात कोंबली.

बसला. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

वरच्या गल्लीत तेव्हा पाइपासाठी रस्ता खणला होता. चौथा दिवस. वरची पोरं रोज कंदील धरून बायांना कडेकडेनं न्यायची. हा भिंतीवरून गेला, याला खड्डा लागलाच नाही. ध्यानातच नव्हता त्याच्या...

पंधरा मिनिटं झाली.

कॉलर तोंडात तशीच.

सकाळी तिचा डबा सापडला आधी. खड्ड्यात पाणी होतं.

...

ती न घाबरता चालली होती रे. सरळ. अंधारात. कारण मागं कुणीतरी आहे, असं तिला वाटत होतं.

नाही, पाणी नको. बसा.

बेअरिंग सगळ्यांना सांगत फिरला. मला उत्तर आलं होतं. मी ऐकलं. वरची पोरं आली, त्यांनी आईशपथ सांगितलं, आम्ही गावातच नव्हतो. मग कोण विश्वास ठेवणार? खोटारडा म्हणाले. झोप आली म्हणून पोरीला टाकून पळाला म्हणाले. तिच्या आईनं भर रस्त्यात त्याच्या थोबाडीत मारली. त्यानं गाल पुसला, आणि म्हणाला, "मावशी, मी ऐकलं होतं."

आणि ते आगाऊ कार्टं शेजारी उभं होतं. खाली मान घालून. एक शब्द नाही.

उद्या सांगू म्हणालं. मग परवा.

गँग मोडली. कुणी ड्रायव्हर झालं, कुणी शिपाई. बेअरिंग मात्र रोज रात्री सव्वाअकराला टाकीपाशी उभा राहायचा. बस येवो न येवो. शिट्टी द्यायचा आणि ऐकत थांबायचा. तीन हिवाळे. तिसऱ्यात छातीत सर्दी साठली आणि गेला. कडं बोटातून निघेना. मग तसंच ठेवलं. त्याची मूठ मिटवली, ती या कार्ट्यानंच.

आता चला परत. बुधवार. बाराला दोन मिनिटं कमी.

कोपऱ्यावर भिंगरी उभी. "आजोबा, किती वेळ! आणि दात कुठायत?"

"घरी. ते झोपलेत, मी आलो."

ती हसली. दोघं निघाले. तिची बडबड चालू. साहेब असा, मशीन तसं. शाळेचं कुंपण लागलं.

टण.

म्हातारा थांबला नाही. वाटलं, कान वाजतायत.

टण. टण. टण.

वीस पावलं मागं. ना कमी, ना जास्त.

भिंगरी म्हणाली, "आजोबा, मागं कुणीतरी येतंय." वळायला लागली. म्हाताऱ्यानं तिचं मनगट धरलं. "वळायचं नाही."

"का?"

"पद्धत आहे."

पोरगी पुढं बघून चालायला लागली. दोघांच्या चपला, आणि ते टण टण.

टाकी आली.

आवाज थांबला.

आणि मग... दोन आखूड. एक लांब.

इतकी वर्षं झाली. पण ती शिट्टी मी... म्हातारा मेला तरी विसरणार नाही.

कुणी उत्तर देईना. कोण देणार? वरच्या गँगमधला एकही उरलेला नाही. सगळी गल्ली काळोखात.

पुन्हा. दोन आखूड. एक लांब. या वेळी जवळून.

भिंगरी रडवेली. "आजोबा, कोण आहे? काय पाहिजे त्याला?"

काय पाहिजे ते ठाऊक होतं. बोटं तोंडापर्यंत गेलीही. एक लांब, एक तुटकी. एवढं दिलं की झालं. तो फिरणार, आपण सुटणार. पण तोंडात दात नाहीत. नुसती हवा. फुस्स.

आणि दात असते तरी...

दुसऱ्यांदा देणार होतो का रे मी ते उत्तर?

हो. मी. कळलं होतं ना तुम्हाला आधीच? मग आता असे बघू नका.

मी टॉर्च बंद केली. अंधारात उभा राहिलो, वळलो नाही. म्हटलं, "बेअरिंग."



म्हटलं, "पलीकडे कुणी नाही रे. तेव्हाही नव्हतं. ती शिट्टी माझी होती."

...

"तू खरं बोलत होतास. तू उभा राहिलास. मी शेजारी होतो आणि बोललो नाही. मावशीनं मारलं तेव्हाही नाही. तू गेलास तेव्हाही नाही. मीच होतो रे. मी."

पंचेचाळीस वर्षं जे सांगायचं होतं, ते एवढंच निघालं. भिंगरीनं माझा हात सोडला नाही, एवढं आठवतंय.



मग मागून काही नाही. शिट्टी नाही. पाऊल नाही. म्हटलं, गेला. नियमच होता, टाकी ओलांडायची नाही.

आम्ही निघालो. पत्रे लागले. अंधार असा, की स्वतःचा हात दिसेना. टॉर्च पेटेना. भिंतीला चिकटून एकेक पाऊल.

आणि शेजारून आवाज आला.

खर्रर्र...

पत्र्यावरून लोखंड ओढल्याचा. आमच्या बरोबरीनं. आम्ही थांबलो, की थांबायचा. चाललो, की चालायचा. माझा पाय एकदा पत्र्याकडे घसरला, तर तो एवढ्या जोरात वाजला, की मी दचकून भिंतीला टेकलो.

आवाज पलीकडून होता. खड्ड्याच्या बाजूनं.

दाराशी पोचलो. फाटकाची कडी काढली. आत शिरलो. भिंगरी पायरीवर बसून पाणी प्यायली आणि मला काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, "आजोबा, ते तुमचे मित्र दारापर्यंत आले. आत या तरी म्हणायचं."

मी तिच्यासमोर रडलो नाही. न्हाणीघरात जाऊन नळ सोडला.

सकाळी सहाला बाहेर पडलो. कोपऱ्यापासून बघत आलो. शाळेच्या प्रत्येक गजावर एक ओरखडा, तुझ्या ओल्या रंगावर, सगळे एका उंचीवर. पेंटर, मोजायचे तर मोज. पुढं पत्र्यांवर एक सलग रेघ. वाकून, हात आत घालून बघितली मी. रेघ आतल्या अंगाला आहे. जिथं उभं राहायला जमीनच नाही, नुसता खड्डा आहे, त्या अंगाला.

त्यानं मला माफ केलं, का मी पोरीला घरापर्यंत नेईन याचा त्याला भरवसा नव्हता, ते मला कळलेलं नाही. कुणाला विचारू?

एवढंच ठाऊक आहे, की टाकीपाशी थांबायचा त्याचा नियम होता. आणि रेघ टाकीपाशी थांबलेली नाही.

उजेडात येऊन बघा उद्या. माझ्या फाटकाच्या कडीपर्यंत आहे.