बारा फेब्रुवारीच्या एकसष्ट फाइली

"दिनांक १२ फेब्रुवारी रोजी इमारतीतील प्रत्येक खोलीची तज्ज्ञांकडून तपासणी करण्यात आली व स्लॅब सुस्थितीत आढळला. सबब, २१ एप्रिल रोजी स्लॅब कोसळून झालेल्या दुर्घटनेस खोली क्रमांक ३०४ मधील लादीकाम कारणीभूत आहे."

उल्हासनगर कॅम्प एकमधल्या त्या इमारतीच्या फलकावर हा मजकूर लागला, तेव्हा शाळांना सुट्टी लागली होती. मजकुरात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मात्र 'प्रत्येक खोली' म्हणावे, तर याच इमारतीतल्या चैत्रालीच्या घरी कोणी फिरकले नव्हते आणि पायलच्या घराला त्या आठवड्यात कुलूप होते. 'तज्ज्ञ' म्हणावे, तर त्यांना नाव नव्हते. 'लादीकाम' म्हणजे मोरीतली एक फुटकी फरशी. ३०४ मधल्या रखमाबाईंनी ती मूठभर सिमेंटने बसवली होती.

तेवढी फरशी खालच्या २०४ मधल्या शिवरामकाकांचा जीव घ्यायला पुरेशी ठरवण्यात आली. रविवारच्या सभेत रखमाबाईंविरुद्ध पोलिसांत तक्रार देण्याचा ठराव येणार होता. त्यांनी वाद घातला नाही. नातीला एवढेच म्हणाल्या, "छापलंय म्हणजे खरंच असेल गं, ओवी. माझ्याच हातनं मेला तो माणूस."

त्यानंतर ओवी रडलीसुद्धा नव्हती. तिच्या मैत्रिणी चैत्राली आणि पायल तिच्याजवळ बसल्या होत्या.

"ए, काहीतरी बोल ना यार!" पायल तिला हलवत म्हणाली.

"बोलून काय होणार? शोधू या!" चैत्रालीने लॅपटॉप उघडला. "सेक्रेटरी अभिजीतकाकांनी पारदर्शकतेच्या नावाखाली सोसायटीचा अख्खा फोल्डर ग्रुपवर टाकलाय. प्रत्येक फाइलच्या पोटात ती कधी तयार झाली ते लिहिलेलं असतं. शाळेत शिकवलेला कोड चालवते, सगळ्यांची यादीच येईल."

यादी आली. तपासणी अहवाल : १२ फेब्रुवारी, सकाळी अकरा.

"मेलो! खरंच फेब्रुवारीतला निघाला!" चैत्राली म्हणाली.

"रुक, रुक!" पायल पुढे सरकली. "सगळ्याच फाइली बारा फेब्रुवारी, अकरा वाजता? एकसष्टच्या एकसष्ट? अंकल माणूस आहेत की झेरॉक्स मशीन?"

"त्यांनीही कोडच चालवलाय!" चैत्राली ओरडली. "अहवालाची तारीख बदलायची होती, बदलली अख्ख्या फोल्डरची! पण ते कबूल कशाला करतील?"

ओवीने सत्तेचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवले. "शिवरामकाकांची शोकसूचना," ती म्हणाली. गॅसचा नंबर वाचावा तसा तिचा आवाज होता. "हीपण बारा फेब्रुवारीची."



रविवारी आवारात खुर्च्या मांडल्या गेल्या. अभिजीतकाकांनी अहवाल वाचला, लॅपटॉप सभेकडे वळवला आणि पडद्यावरची तारीख दाखवली. "ज्यांना शंका असेल त्यांनी बघावं! फाइलमधली तारीख खोटं बोलत नाही!"

"नक्की ना, काका?" चैत्राली उठली.

"कॉम्प्युटर आहे बाळा, तुझ्यासारखा गप्पा मारत नाही!"

"तुमच्या सगळ्याच फाइलींची तारीख खरी?"

"सगळ्या! लिहून देतो!"

ओवी पुढे गेली आणि तिने त्याच लॅपटॉपवर दुसरी फाइल उघडली. "मग ही वाचा."

अभिजीतकाकांनी वाचायला सुरुवात केली. "आपले ज्येष्ठ सभासद शिवरामजी यांचे २१ एप्रिल रोजी स्लॅब कोसळून..." ते थांबले.

"आता तारीख वाचा," पायल म्हणाली. "लिहून देणार होतात ना?"

तारीख ओवीनेच वाचली. "बारा फेब्रुवारी. सकाळी अकरा."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "पोरींनो, शाब्बास," ते हळूच म्हणाले. मागच्या रांगेत रखमाबाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. शिवरामकाकांच्या पत्नी भागीरथीबाई उभ्या राहिल्या.

"अभिजीत, माझा नवरा मरणार हे तुला दोन महिने आधी ठाऊक होतं?"

त्यावर अभिजीतकाकांनी दिलेले उत्तर सभेच्या इतिवृत्तात शब्दशः नोंदले आहे :

"नाही हो काकू, देवाशप्पथ नाही! मला आधी कसं ठाऊक असेल? तपासायला कोणी आलंच नव्हतं. अहवाल मी स्लॅब पडल्यावर घरी बसून टाइप केला, तारखा नंतर बदलल्या. त्या फरशीचं तर मला टाइप करतानाच सुचलं."